गढीचे दगड आणि आमची पायरी

आमच्या गावाचा इतिहास कुणी विचारला की मी आधी विचारते, कुठल्या गल्लीचा पाहिजे? पाटील गल्लीचा वेगळा, पेठेतल्या वाण्यांचा वेगळा, आणि आमच्या खालच्या गल्लीचा तर कुणी विचारतच नाही, म्हणून तो मी न विचारता सांगते. नेसरीवरून पुढं गेलेली यष्टी जिथं ओढा ओलांडून चढाला लागते आणि धापा टाकते, तिथं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, ओळखल्यावर चिडतील, आणि त्याला माझा इलाज नाही. गावाच्या डोक्यावर टेकाड, टेकाडावर गढी. गढी म्हणजे उरलंय काय, तर अर्धा बुरूज, दरवाजाचे दोन खांब आणि आत माजलेली घाणेरीची झुडपं. हल्ली लग्न ठरलेली पोरं-पोरी तिथं उभं राहून फोटो काढतात. माझा भाचा मला मोबाइलवर पाठवतो, ‘आत्या, बघ आपला किल्ला.’ मी त्याला उलट लिहिते, ‘कुणाचा म्हणालास?’ पन्नाशी ओलांडली तरी ही खोड काही गेली नाही, आणि जाऊही नये.

आमचं घर गल्लीत सगळ्यात वरचं, म्हणजे गढीला सगळ्यात जवळचं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं एक म्हैस. सकाळी आधी गढीवरचे मोर ओरडायचे, मग देवळातला भोंगा, मग माझी आई, आणि तिघांत आईचा आवाज मोठा. आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला, भुईमूग काढायला जायची. आबा, म्हणजे माझे वडील, हंगामात साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या खाली करायचे. घरी आले की अंगाला मळीचा वास, आणि तो वास आला की आम्हाला बरं वाटायचं, कारण मग शनिवारच्या बाजारातनं सुकट यायचं. एरवी नाचणीची भाकरी, खर्डा, आणि पावसाळ्यात हुलग्याचं माडगं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ कढी समजा. गूळ असला तर गोड, नसला तर मीठ घालून. हंगाम नसला की आबा विहिरीची, बांधाची कामं करायचे. त्यांची पहार त्यांच्याएवढीच उंच होती, आणि बोलायच्या बाबतीतही दोघं सारखेच. घरात बोलायचं काम आईचं आणि सारजाआत्तीचं. आत्ती आबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि राहिली. संध्याकाळी पडवीत बसून मिश्री लावता लावता ती गढीची गोष्ट सांगायची, आणि सांगताना दर वेळी नव्यानं चिडायची.

“बुरूज हुबाच ऱ्हाईना गं. दिवसा बांधायचा, रातचं ढासळायचा. मग कुणीतर सांगितलं, माणूस पायजे बुरजाच्या पायात. पाटलाच्यातलं दिलं व्हय? न्हाय. वाण्याच्यातलं? न्हाय. आमच्यातलं जोडपं दिलं. नवं लगीन झाल्यालं, अंगावरची हळद बी उतरली नव्हती. जित्ती गाडली, आन् मग हुबा ऱ्हायला बघ बुरूज.”

“नाव काय त्यांचं?” मी विचारायची.

“नाव ठेवाय कोण हुतं? नाव गढीच्या सरकारचं ऱ्हातंय. आपलं हाड ऱ्हातंय.”

दसऱ्याला अख्खा गाव त्या बुरजापाशी नारळ आणि दहीभात ठेवायचा. राखणदाराचा भात, म्हणायचे. पूर्वी तो भात हलगी वाजवत वर न्यायचं काम आमच्या गल्लीकडं होतं, आणि ठेवून झालं की खाली येऊन हात जोडून उभं राहायचं. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्या वर्षी ते बंद केलं. गावातनं निरोप आला की परंपरा मोडू नका. तेव्हा आत्ती तरणी होती. ती म्हणाली म्हणे, “पुरलं तुमी, तर भात बी तुमीच घाला.” तेव्हापासनं गाव स्वतःच भात घेऊन वर जातो. आता ही गोष्ट खरी की खोटी मला ठाऊक नाही. पुढं शिकल्यावर कळलं की अशी गोष्ट लांब लांबच्या बुरजांचीही सांगतात. शिकलेली माणसं म्हणतात, सगळीकडं सांगतात म्हणजे दंतकथा. मी म्हणते, सगळीकडं सांगतात म्हणजे सगळीकडं झालं असेल. दोन्ही तर्कच आहेत, मग माझाच का खोटा?

मी जन्मायच्या आदल्या पावसाळ्यात त्या बुरजाची एक बाजू कोसळली. दगड पार ओढ्यापर्यंत आले. मग काय, ज्याची गाडी आधी जुंपली त्याचा दगड. पाटील गल्लीनं घरांचे सोपे, म्हणजे पुढची दालनं, बांधली, वाण्यांनी दुकानापुढचे ओटे, कुणी गोठा, कुणी विहिरीचा काठ. सगळ्यांचं झाल्यावर आमची गल्ली गेली. आमच्या वाट्याला उरले ते सगळ्यात मोठे, कारण ते कुणाला हललेच नव्हते. ते दोर लावून ओढत आणले आणि विहाराला तीन पायऱ्या केल्या. आई तेव्हा मला घेऊन पोटुशी होती, तरी दोराला होती. “तुला पोटात घेऊन वडलोय मी त्यो दगड,” असं ती मला कायम सुनवायची. आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, वडलो असंच म्हणतात. शहरात गेल्यावर माझ्या तोंडचं असलं बोलणं ऐकून पोरी हसल्या होत्या, हसू देत. तर त्या पायऱ्या. आमच्या गल्लीतल्या बायका वाटाणे सोलायच्या तिथं, पोरं पाढे म्हणायची तिथं, नवरा-नवरी वंदना करून बाहेर आली की पहिल्यांदा बसायची तीही तिथंच. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच पायरीवर आमच्या माणसानं असं ऐसपैस बसलेलं मी लहानपणी पाहिलं नाही.

गढीचा दगड ओळखायला काही शहाणपण लागत नाही. काळा, घडीव, आणि तोंडावर बरोबर मध्ये अंगठा बसेल एवढी खळी. उचलताना चिमटा बसावा म्हणून पाडलेली. आम्हा पोरांचा त्यावर खेळ होता. मागं राज्य असलेलं पोर लागलं की पळायचं, जिथं खळी दिसेल तिथं अंगठा घालायचा आणि ओरडायचं, “गढी!” मग तुम्हाला कुणी बाद करू शकत नाही. त्यामुळं गावात कुणाच्या भिंतीला कुठं खळी आहे हे पोरांना तोंडपाठ. मोठी माणसं मात्र दर दिवाळीला त्यावर चुना फासत गेली आणि खरोखर विसरून गेली. नाटक नव्हे हं, अगदी मनापासून विसरली. हे विसरणं फक्त आमच्या गावालाच जमू शकतं.

मी बारावीला होते त्या वर्षी धाकटे सरकार आले. गढीच्या मूळ मालकांचा हा वंशज, पुण्यात राहणारा, बोलायला मऊ. मारुतीच्या देवळापुढं सभा झाली. त्यांनी सांगितलं, गढीचा दरवाजा आणि बुरूज पुन्हा उभा करायचा, पुढं एक फरशी बसवायची आणि तिच्यावर गावाचा इतिहास कोरायचा. उद्घाटनाला मंत्री येणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही बायका कडेला उभ्या होतो. सारजाआत्ती तिथनंच म्हणाली, “सरकार, बुरजातल्या दोगांचं घालणार न्हवं त्या फरशीवर?”

सरकार हसले. “त्या दंतकथा असतात हो बाई.”

“मग दसऱ्याला भात कुणाला घालतासा? दंतकथंला?”

सभेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सरपंचांनी घसा खाकरून पुढचा विषय घेतला. सरपंच म्हणजे पाटील गल्लीतले. त्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणत. दुसऱ्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरनं त्यांचा आवाज आला. ज्याच्या ज्याच्या घरात, गोठ्यात, बांधाला गढीचा दगड असंल त्यानं तो आपणहून वर आणून द्यावा, गढी सगळ्या गावाची हाय. आठवडा गेला. वर जमलं काय, तर एक फुटकं उखळ आणि कुणाच्या तरी म्हशीच्या गव्हाणीचा तुकडा.

मग अण्णा आमच्या पडवीत आले. हे काही रोजचं येणं नव्हतं. आईनं घोंगडं टाकलं, पाणी दिलं. पाणी त्यांनी घेतलं नाही, नुसतं बाजूला सरकवलं.

“यशवंता,” ते आबांना म्हणाले, “तुमच्या त्या देवळाच्या पायऱ्या...”

“विहाराच्या,” आई आतनं म्हणाली.

“त्याच. दगड झ्याक हाईत त्ये. दरवाजाला तसलंच मोठं लागत्यात. काढून घिऊया. तुमाला शिमिटाच्या करून देतो, वर लाल रंग मारून. आजून काय पायजे?”

अण्णा पुढं म्हणाले, “आन् तूच काढ. पहार हाय तुझ्याकडं. भाईरचा माणूस लावला तर तुमच्याच लोकास्नी वंगाळ वाटंल. उद्या सकाळी सरकार बी येणार हाईत, ट्याक्टर घिऊन येतो.” उठता उठता त्यांनी खरा दगड टाकला. “हंगाम तोंडावर आलाय, न्हवं? कारखान्यावर शब्द टाकाय लागंल तुझ्यासाठनं. औंदा माणसं कमी घेणार हाईत म्हणं.”

आई दारात आली. “अण्णा, तुमच्या सोप्याचा कोपरा आधी काढलासा का?”

“आमचं दगड आमच्या वाडवडलांनी घडवून आणल्यालं हाईत,” अण्णा म्हणाले. चिडून नाही, एखाद्या खुळ्या पोराला समजवावं तसं म्हणाले. त्या साधेपणाचा मला जो राग आला तो आजही तसाच्या तसा उकळतो.

संध्याकाळी जेवताना घरात भांडण पेटलं. आबा म्हणाले, “दगडासाठनं पोटावर पाय आणायचा व्हय? शिमिटाची बी पायरीच असतीया की.”

“दगड म्हणतासा?” आईनं हातातली भाकरी परत टोपल्यात टाकली. “सगळ्यांनी निवडून नेल्यावर राहिल्यालं आणलो आमी. आता त्ये बी मोठं दिसाय लागलं ह्यांच्या डोळ्यात. उद्या म्हणतील, गल्ली द्या, गढीला अंगण पायजे.”

“पोरीची कालेजची फी तू भरणार हाईस?”

“भरीन. शिकू दे न्हायतर ऱ्हाऊ दे, पर पायरी काढून दिल्याली बघून शिकली तर काय शिकली ती?”

आबा अर्ध्या ताटावरनं उठले आणि पडवीत जाऊन पहारीला टेकून बसले. मला त्यांचा भारी राग आला आणि तितकीच दयाही आली. त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. कारखाना नसेल तर चूल कशी पेटायची हे त्यांनाच ठाऊक होतं. पण सगळ्या गावानं लुटलेल्या गढीची भरपाई एकट्या आमच्या पायरीनं का करायची, हे मला कुणी सांगावं. अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

खरं तर मी त्याच दुपारी, अण्णा पाठमोरे झाल्या झाल्याच माझं काम उरकून आले होते. जेवताना माझ्या उजव्या हाताकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, एवढंच. झालं असं, की अण्णा गेले आणि मी कपड्यांची निळीची पुडी घेतली, भाताच्या पेजेत दाट कालवली, वाटीत घेतली आणि वरच्या गल्लीत गेले. भुईमुगाची काढणी सुरू होती, सगळा गाव शिवारात. घरी म्हातारी आणि कुत्री. जिथं जिथं लहानपणी “गढी!” म्हणून ओरडले होते तिथं तिथं गेले, चुन्याची खपली नखानं उडवली, अंगठा निळीत बुडवला आणि खळीत दाबला. वाण्यांच्या ओट्याला. पिंपळाच्या पाराला. शाळेच्या व्हरांड्याला. पंचायतीच्या उंबऱ्याला. मारुतीच्या देवळाच्या जोत्याला दाबताना जरा थांबले, पण खळी तिथंही होती, मग मी तरी काय करू? दाबला.

शेवटी अण्णांचा सोपा. कोपऱ्याच्या पहिल्या थरात आमच्या पायरीएवढाच धोंडा. वाकले तोच आतनं आवाज आला. अण्णांची आई, आक्काताई, तांदूळ निवडत बसली होती.

“कोण गं ती? काय फासायलीस भितीला?”

“नीळ लावायलोय, आक्काताई. गढीचा दगड हाय ह्यो.”

“खुळी हाईस का? आमचा सोपा हाय त्यो.”

“खळी बघा की हात लावून.”

ती उठली, कमरेवर हात ठेवत आली आणि बोट घालून बघितलं. बोट निळं झालं. ते तिनं पदराला पुसलं. मग म्हणाली, “अण्णाला म्हाईत हाय का ह्ये?”

“उद्या व्हईल,” मी म्हणाले आणि वाटी घेऊन चालत घरी आले. पळाले नाही. ते महत्त्वाचं.

सकाळी ट्रॅक्टर आला. पुढं अण्णा, मागं सरकारांची जीप. आई आधीच विहाराच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली होती, शेजारी आत्ती, आणि बघता बघता गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन बसल्या. पायरी दिसेनाशी झाली. तेवढ्यात आबा खांद्यावर पहार टाकून आले. आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की मी असते तर तिथंच जमिनीत गेले असते. “या,” ती म्हणाली. “आधी मला उपटा, मग दगडाला हात लावा.”

आबा तिच्यापुढनं सरळ अण्णांकडं गेले. “अण्णा,” ते म्हणाले, “भोंग्यावर काय सांगितलतासा? ज्याच्या ज्याच्या घरात असंल त्यानं. व्हय न्हवं?”

“व्हय. मग?”

“मग वरनं सुरवात करतो. तुमचं घर पयलं. खूण बी केल्या कुणीतर.” आणि ते वर चालू लागले.

कुणाला काय चाललंय ते आधी कळलंच नाही. मग बायका उठल्या, पोरं धावली, सरकारही जीपमधनं उतरले. पेठेतनं जाताना ओट्याओट्यावर निळे ठिपके. सरकार एकेका ठिपक्यापाशी थांबत होते, खळीला हात लावत होते. पारापाशी आल्यावर म्हणाले, “म्हणजे सगळी गढी गावातच आहे की.” अण्णांच्या सोप्यापुढं आबा उभे राहिले. पहारीचं टोक त्यांनी ठिपक्याच्या खालच्या सांध्यात बसवलं आणि नुसता भार दिला. माती भुरभुर गळाली. वरच्या तुळईनं करकर आवाज केला.

“आरं मुडद्या!” आक्काताई बाहेर धावली. “घर अंगावर घेतोस का? सोपा पडंल माझा! अण्णा, आडव की त्याला, तोंड काय बघतोस? ह्या उंबऱ्यातनं सुना आत आल्यात माझ्या, नवऱ्या हून!”

“आमच्या बी नवऱ्या विहाराच्या पायरीवर बसल्यात, आक्काताई,” आबा म्हणाले. पहार त्यांनी काढली नाही. “बोला अण्णा. हलवू?”

मी अण्णांचं तोंड बघत होते. एवढ्या गर्दीत ते एकदाही त्या दगडाकडं बघायला तयार नव्हते. शेवटी सरकारच म्हणाले, “राहू द्या. कुणाचंच काही काढू नका.” ट्रॅक्टर रिकामा परत गेला. आईनं जाता जाता आबांच्या हातातली पहार घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकून घरी आणली. वाटेत कुणी विचारलं, “ठिपकं कुणी लावलं गं?” मी म्हणाले, “मी.” हात वर करूनच दाखवला.

पुढं गढीचा दरवाजा झाला, सिमेंटचा. वर दगडासारख्या रेघा ओढल्यात. फरशीही बसली. तिच्यावर सरकारांचे पूर्वज आहेत, लढाया आहेत, मंत्र्यांचं नाव आहे. बुरजातली दोघं नाहीत, आम्ही नाही. म्हणून हे प्रकरण मी लिहिते आहे. फरशी त्यांची असेल, कागद तर माझा आहे.

हंगाम सुरू झाला आणि कारखान्यावरनं आबांना बोलावणं आलं नाही. दिवाळी माडग्यावर गेली, आणि त्यात गूळ नव्हता. आई दुप्पट कामाला जायला लागली, मी कॉलेज सुटल्यावर तिच्याबरोबर. असेच दोन-अडीच महिने गेले. मग एके संध्याकाळी अण्णांच्या घरनं निरोप आला म्हणून आबा जाऊन आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

“कारखान्यावर घेतो म्हणालाय,” आबा म्हणाले. “उद्यापासनंच ये म्हणालाय. पर सोप्यावरचा त्यो ठिपका जाईना झालाय. चुना मारला तरी वर येतोय. तुझ्या रंजीनं यावं, चारचौघात आपल्या हातानं घासून काढावा, म्हंजे झालं, म्हणतोय.”

आईनं माझ्याकडं बघितलं. आत्तीनं बघितलं. मला फी दिसत होती, आईचे भेगाळलेले हात दिसत होते, सगळं दिसत होतं.

“मी न्हाय जाणार, आबा,” मी म्हणाले.

“व्हय की,” आबा म्हणाले आणि ताट आईकडं सरकवलं. “तसंच सांगून आलोय मी त्याला. वाढ माडगं.”